गाईचे मागचे पाय

१४ सप्टें. २००८, रवि.
पार्ट मिळाला. गाय. तीही अर्धी. तीही मागची.

लायब्ररीच्या बोर्डावर कागद होता: हौशी नाटक मंडळ, वर्षअखेरीचा पँटो, म्हणजे पोरांसाठी नाचगाण्यांचं विनोदी नाटक, सर्वांचं स्वागत. परदेशातून शिकायला आलेली मीपण 'सर्वां'मध्ये मोडते असं समजून गेले. मी राहते त्या मॉसन लेक्सहून दोनच स्टेशनं. दोन पानं वाचून दाखवली. कॉलेजात तीन वर्षं एकांकिका केल्यात, माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो, हे सांगायचं राहूनच गेलं. दिग्दर्शिका मार्गारेट, सत्तरीची, चष्मा गळ्यात. म्हणाली, "लव्हली व्हॉइस, डार्लिंग." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "वाकून वीस मिनिटं उभी राहू शकशील?" राहून दाखवलं. टाळ्या पडल्या. बेकरीत पहाटे पिठाची पोती उचलते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

वाक्य एकही नाही. माझ्या इंग्लिशला भ्यायले असतील.

रूममेट हरप्रीतला सांगितलं. हसता हसता गादीवरून खाली आली. "गाय बनेगी? मम्मी को बता, पुण्य लगेगा."

आईला नाही सांगणार. आईला हल्ली मी काहीच सांगत नाही.

२१ सप्टें., रवि.
पहिली तालीम. गाईचे पुढचे पाय म्हणजे रॉन. वय ७१, उंच, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर. हात माझ्या ताटाएवढे. 'मीनल' त्याला जमेना. "मिनी चालेल का, लव्ह?" चालेल.

गोष्ट अशी: गावाची घंटा चोरीला जाते, सगळे एकमेकांवर आळ घेतात, आणि शेवटी घंटा सापडते गाईच्या पोटात. गाईचं नाव बटरकप. गावच्या म्हातारीचं काम एक दाढीवाला प्लंबर करतो. पँटोत तशीच रीत आहे म्हणे. खलनायक आला की पोरांनी हूऽऽ करायचं, ही पण रीत. एकूण रीती भरपूर. आपलं नारळ फोडणं परवडलं.

आत काळोख. मी कमरेत वाकायचं, कपाळ रॉनच्या पाठीला टेकवायचं, दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरायचा. मला काही दिसत नाही, म्हणून खुणा. माझ्या हातावर त्याची एक थाप म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांब. आणि हात नुसता दाबून धरला तर 'ऑल गुड'.

परक्या माणसाच्या कमरेला धरून दोन तास. पहिल्या अर्ध्या तासात कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नंतर विसरले. पाठ ती पाठ.

५ ऑक्टो., रवि.
गाईच्या वेशात माझ्या पायांच्या आतल्या बाजूला कापडी पट्टी शिवलेली आहे, तीवर निळ्या धाग्याने 'शर्ली'. रॉनची बायको. एकोणीस वर्षं मागचे पाय तिचे. गेल्या मार्चमध्ये गेली. मला हे रॉनने नाही सांगितलं, त्याच्या मुलीने सांगितलं. ज्यूडी. रविवारी गाडीतून त्याला सोडते, नेते, गाय धुणं-शिवणंही तिच्याकडेच. मी म्हटलं, पट्टी काढायची का? ती म्हणाली, "अजिबात नको."

आणखी एक रीत कळली. पँटोच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कधीच म्हणायच्या नाहीत. पहिल्या प्रयोगालाच. आधी म्हटल्या की अपशकुन. आमच्या पँटोत त्या ओळींनंतर गाईच्या पोटात घंटा वाजते, म्हणून घंटाही तोवर वाजवायची नाही. घंटा माझ्याकडे, पट्ट्याला बांधलेली, आतल्या लोलकाला फडकं गुंडाळून.

म्हणजे एक वाक्य आहे मला. पण म्हणायची बंदी.

रॉन हॉलच्या पायऱ्या शीळ घालत चढतो. दर वेळी. आनंदी माणूस.

१२ ऑक्टो., रवि.
नाही. आनंदी-बिनंदी काही नाही.

कपाळ पाठीला टेकलेलं असतं, त्यामुळे मला आतलं ऐकू येतं. नाच संपला की त्याच्या छातीत जे चालतं ते नाचण्याचं नाही. धाड धाड, मग काहीच नाही, मग दोन एकदम. आणि श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी. मी म्हटलं, "यू ओके?" हात दाबून धरला. ऑल गुड.

बाकी कुणाला कळणं शक्य नाही. बाहेरून नुसती गाय दिसते.

२५ ऑक्टो., शनि.
वसुबारस. कॉलिंग कार्ड घालून घरी फोन केला. आई म्हणाली, सोसायटीत गाय-वासरू आणलं होतं, पाच जणींनी पुजलं, ती लांबूनच हात जोडून आली. यंदा तिने पुढे जायचं नाही म्हणे. कुणी सांगितलं? कुणी नाही, तिचं तिनेच ठरवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दर रविवारी गाईच्या पोटात असते." मग सांगावंच लागलं. आई हसली. जूननंतर पहिल्यांदा. मलाही बरं वाटलं आणि लगेच राग आला, की मी तिला हसवलंच का.

लिहून काढते एकदा. कुठेच लिहिलेलं नाही.

बाबा नऊ जूनला गेले. मला बावीसला कळवलं. तेरावं होऊन गेल्यावर. का, तर माझी परीक्षा. मधल्या दिवसांत मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा आई म्हणाली, "झोपलेत गं, आत्ताच डोळा लागलाय." मागे बायकांचे आवाज. मी विचारलं कोण आलंय? "कोणी नाही, टीव्ही."

दादा पण बोलला माझ्याशी. पावसाचं बोलला.

मी फायनान्समध्ये डिस्टिंक्शन मिळवलं. बाबा राख झालेले आणि मी रेशो पाठ करत होते. हे ज्यांनी ठरवलं त्यांना मी माफ करणार नाही. करायचं कसं तेही माहीत नाही.

९ नोव्हें., रवि.
आज दुसऱ्या अंकात रॉनचे गुडघे गेले. क्षणभरच. सगळा भार पट्ट्यावर, म्हणजे माझ्या हातांवर. मी त्याला मागून उचलून धरलं. गाय थोडी बसल्यासारखी झाली. बाहेर सगळे हसले, मार्गारेट ओरडली, "कीप दॅट! ठेवा ते, मस्त आहे!"

नंतर मागच्या अंगणात नळाजवळ बसलो. त्याने सांगितलं. हृदयाची झडप. ऑपरेशन जानेवारीत, डॉक्टर आधीचं म्हणत होता, यानेच पुढे ढकललं. तोवर जड काही करायचं नाही. मी म्हटलं, मग हे काय आहे? म्हणाला, "धिस इज बटरकप." एवढं उत्तर पुरेसं आहे असं त्याला खरंच वाटत होतं. मग म्हणाला, घरी खुर्चीत बसलो तर शर्ल आठवते. इथे आत असलो तर ती मागेच असते. सॉरी, मिनी, तू असतेस, मला माहीत आहे.

"नॉट अ वर्ड टु ज्यूड. चारच प्रयोग आहेत. प्रॉमिस?"

मी हो म्हटलं. विचार न करता. मोठ्या माणसाने सांगितलं की हो म्हणायचं, ही आपली रीत. इथवर सोबत आणली मी ती.

१३ नोव्हें., गुरु.
उद्या अकाउंटिंगचा पेपर. अभ्यास शून्य. आईचा एसेमेस: परीक्षेची काळजी करू नकोस, इकडे सगळं ठीक आहे.

इकडे सगळं ठीक आहे!

२३ नोव्हें., रवि.
आज घंटा वाजली.

रंगीत तालीम, पूर्ण वेशात. इथे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, बाहेर छत्तीस डिग्री, गाईच्या पोटात देवच जाणे. शेवटचा प्रवेश. सगळे ओळीत उभे. दाढीवाली म्हातारी शेवटच्या दोन ओळींपर्यंत आली आणि रीतीप्रमाणे गप्प झाली. तेवढ्यात रॉनचे गुडघे परत गेले. या वेळी क्षणभर नाही. पूर्णच सुटला. मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं, त्यात घंटेचं फडकं निघालं. ठण्ण. हॉलभर.

प्लंबर पांढरा पडला. नाचातली एक लहान मुलगी रडायला लागली, तिला आईने बाहेर नेलं. एवढ्यात रॉन सावरला होता, पायांवर होता. मार्गारेट गाईसमोर येऊन अगदी शांतपणे विचारते, "हू डिड दॅट?"

मी गाईच्या मागून डोकं बाहेर काढलं. म्हटलं, मी. हात घसरला. आय ॲम सो सॉरी.

सगळ्यांनी 'नो वरीज' म्हटलं. इथे नो वरीजचे वीसेक प्रकार आहेत, हा त्यातला सगळ्यात गार. प्लंबर पुटपुटला, तिला सांगितलं नव्हतं का कुणी. आणि मी, जिने नटराजाला नमस्कार केल्याशिवाय विंगेत पाऊल टाकलं नाही कधी, ती मान खाली घालून उभी. हिला काय कळणार आपल्या रीती, असं सगळ्यांच्या तोंडावर. गिळलं.

रॉनने आत माझा हात दाबून धरला. खूप वेळ. मला तो झटकून टाकावासा वाटला.

ज्यूडी दारात होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघून हसले आणि म्हटलं, "ही वॉज ग्रेट टुडे."

ट्रेनमध्ये लक्षात आलं. मी आईच्याच आवाजात बोलले. हुबेहूब. झोपलेत गं, आत्ताच डोळा लागलाय.

२९ नोव्हें., शनि.
पहिला प्रयोग, दुपारी दोनचा. हॉल भरला. घंटा वेळेवर वाजली, पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी घंटा वाजवली आणि रडले. कुणाला दिसत नाही, हा गाईचा फायदा.

रॉनने तग धरला. निम्मा तो चालला, निम्मा मी चालवला.

३० नोव्हें., रवि.
दुसरा प्रयोग. बरा. मध्यंतरात त्याचे ओठ निळसर. मी बर्फाची पिशवी मानेवर ठेवली. ज्यूडी सरबत घेऊन आली तर आम्ही दोघं जोक सांगितल्यासारखे हसत बसलो. झाकली मूठ. पण मुठीत माणूस आहे.

आता दोनच. शुक्रवारी शाळेच्या मुलांसाठी, शनिवारी शेवटचा.

४ डिसें., गुरु.
शनिवारी एक्केचाळीस म्हणतायत. हॉलला पंखे आहेत, गाईला नाहीत.

ठरवलं. उद्याचा प्रयोग झाला की ज्यूडीला सांगणार. रॉन तोंड बघणार नाही माझं. न बघू दे. मला बावीस जूनला कळवणाऱ्यांच्या ओळीत उभं राहायचं नाही.

५ डिसें., शुक्र.
सकाळचा प्रयोग झाला. रॉनला मार्गारेटने चहाला धरून ठेवलं. ज्यूडी पार्किंगमध्ये गाय डिकीत घालत होती. मी गेले आणि एका दमात सांगितलं. झडप, जानेवारी, गुडघे, ओठ. घंटा वाजली ती माझ्या चुकीने नव्हती, तेही.

ती गाईचा कान सरळ करत राहिली. म्हणाली, "आय नो, लव्ह."

ऑगस्टपासून माहीत. गाडीत कागदांमध्ये पत्र सापडलं होतं. त्याला माहीत नाही की हिला माहीत आहे. तो पायऱ्या शीळ घालत चढतो, धाप ऐकू येऊ नये म्हणून. ही गाडीत रेडिओ मोठा लावते, ती आपल्याला ऐकू येते हे त्याला कळू नये म्हणून. शर्ली गेल्यावर तो जेवत नव्हता, उठत नव्हता. गायच नसती तर ख्रिसमसपर्यंत खुर्चीतच गेला असता, म्हणाली. मग तिने मार्गारेटला सांगितलं, मागे कुणीतरी दणकट बघ.

"आणि इथलं कुणी नको. इथल्या कुणाला चटकन कळलं असतं, मग अख्ख्या मंडळात झालं असतं. तुझं इथे कुणी नव्हतं."

आवाज बघून नाही, ॲक्सेंट बघूनही नाही. पोती उचलणारे पाय आणि ज्याला सांगायला कुणी नाही असं तोंड. याच्यावर निवड झाली माझी.

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"ते मी ठरवलं असतं!" एवढ्या मोठ्याने ओरडले की दोन मुलं वळून बघायला लागली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला एकदाचा. ज्यूडी रडायला लागली. मला तिचा संताप आला आणि तिची दयाही आली, आणि मी तिला तिथेच सोडून स्टेशनवर आले.

पुन्हा. पुन्हा मलाच वगळून सगळ्यांनी माझं परस्पर ठरवलं. आणि या खेपेला त्यात मीही होतेच की सामील.

संध्या. ५.
आईला फोन. म्हटलं, नऊ जून सांग. सगळं. सकाळपासून.

ती आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, "तू तिथं एकटी होतीस, मिनू. तुला कळवलं असतं तर तुला धरणार कोण होतं?"

तरी मी म्हटलं, सांग.

सांगायला लागली. सकाळी बाबांनी दाढी केली होती. चहा अर्धा ठेवला. म्हणाले, मिनीचा आज कुठला पेपर आहे गं? ते मला मिनीच म्हणायचे, हे रॉनने हाक मारल्यावरही मी इथे लिहिलं नव्हतं. आई म्हणाली, कॉर्पोरेट काहीतरी. ते म्हणाले, मग आज फोन नको करायला, उद्या करू. मग उठून गॅलरीत गेले, आणि आई म्हणाली, मी आपली कणीक मळत होते, मला वाटलं खुर्ची सरकवली

कार्ड संपलं.

नवं आणायला दुकान गाठलं तर बंद. उद्या सकाळी पहिलं काम.

६ डिसें., शनि. हॉल, मागची खोली, १.१५
सकाळी कार्ड आणलं. फोन लागला. आईने पुढचं सगळं सांगितलं. ते इथे लिहीत नाही. पण आता ते माझ्याकडे आहे.

बाहेर एक्केचाळीस झालेत. रॉन साडेबाराला आला. शीळ घालत. मी त्याला कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं. ज्यूडीला माहीत आहे. ऑगस्टपासून. मार्गारेटला पण माहीत आहे. मलाही घेतलं ते त्यासाठीच. फक्त तुलाच माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.

तो मग म्हणाला, "म्हणजे मी त्या पायऱ्यांवर उगाचच शीळ घालत होतो?"

"हो."

"ब्लडी हेल."

हसला. मग हसू गेलं. ज्यूडी दारात येऊन उभी राहिली, आत येईना. दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि इतके महिने गाडीत शेजारी बसून जे नव्हतं झालं ते तिथे झालं असावं. मी खाली बघत होते.

मग त्याने मला विचारलं, "तू काय करणार, मिनी?"

मी म्हटलं, तू आत गेलास तर मी मागे आहे. नाही गेलास तर मार्गारेटला मी सांगते, पोरांनाही मीच स्टेजवर जाऊन सांगते, आवाज आहे मला. पण आता कुणी कुणाला ऑल गुड करायचं नाही. बरं नसेल तर तीन थापा, मी तिथल्या तिथे घंटा वाजवणार. मग ओळी म्हणून झालेल्या असोत की नसोत.

त्याने गाईचं डोकं उचलून मांडीवर घेतलं.

बाहेर पोरं यायला लागलीत. पावलं, खुर्च्या, कुणीतरी आत्तापासूनच हूऽऽ करतंय. मार्गारेट दोनदा डोकावून गेली. ज्यूडी आता त्याच्या शेजारी बसली आहे, हात हातात नाही, नुसती शेजारी.

मी माझे पाय चढवून बसले आहे. शर्लीची पट्टी डाव्या मांडीला लागते. गाईचं डोकं रॉनच्या मांडीवर आहे. तो तिच्या कानाची शिवण चाचपतोय, आणि अजून त्याने ते घातलेलं नाही, खालीही ठेवलेलं नाही.